पाचवा लॅपटॉप

गुणाजींनी तिसऱ्या लॅपटॉपचं बटण दाबलं आणि श्वास रोखून बघत राहिले. पडदा काळा तो काळाच.

"आजोबा, वायर नीट बसलीय ना?" स्पृहाचा आवाज रडवेला झाला होता.

"बसलीय गो. कितीदा बघू?"

स्पृहाची ऑनलाइन परीक्षा अकराला होती. सव्वाअकरानंतर कुणालाही घेत नाहीत, असा मेसेज आला होता. पास झाली तर वर्षभर फुकट शिक्षण, वर शिकता शिकता पगार. पण ती मोबाइलवर देता येत नव्हती, कॅमेऱ्याचा लॅपटॉपच हवा होता. बारावी झाल्यापासून नातीने यासाठी रात्रीचा दिवस केला होता. बाप नाही, आई केटरिंगवाल्याकडे कामाला. ही संधी गेली तर सोमवारपासून तिनेही आईबरोबर पोळ्या लाटायला जायचं, असं घरात ठरूनच गेलं होतं.

आणि लॅपटॉपना काय तोटा! एका कंपनीने घोडपदेवच्या या चाळीतल्या मंडळाला पोरांसाठी चांगले पाच दिले होते. एक पहिल्याच वर्षी चोरीला गेला, तरी चार उरलेच की. मंडळाच्या खोलीची किल्ली गुणाजींकडे. गिरणीत साच्यावर कापड विणण्यात हयात घालवलेला माणूस, यंत्राची कदर त्यांच्याइतकी कुणाला असणार? कुणी मागायला आलं की ते सरळ सांगत, "पोरं दोन दिवसांत वाट लावतील. वेळ आली की काढू." आज वेळ आली होती. स्पृहा बिचारी कालपासून म्हणत होती, मी मैत्रिणीकडे जाऊन देते परीक्षा. यांनीच अडवलं होतं. घरचं असताना लोकांच्या दारात कशाला? मी मेलोय काय?

चौथ्याचं झाकण उघडेना. जोर लावला तेव्हा ते चिकट आवाज करत सुटलं. बटणांच्या फटींत कुंकू सुकून बसलं होतं आणि त्यावर तपकिरी, चिवट थर. कोपऱ्यात मुंग्या मरून पडल्या होत्या. गुणाजींनी थरावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

नारळाचं पाणी.

दर खंडेनवमीला ते ही खोली उघडत. यंत्रं पुसत, हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत आणि नारळ फोडून पाणी शिंपडत. गिरणीत साच्यावर शिंपडायचे तसंच, अगदी सढळ हाताने. साचा लोखंडाचा, त्याला काय होतंय! मग झाकणं मिटायची आणि खोलीला कुलूप.

गुणाजींनी झाकण परत मिटलं.

"मीच मारले गो," ते म्हणाले. "माझ्या ह्या हातांनी."

घड्याळ अकराच्या पुढे गेलं होतं. स्पृहाने ओढणीने डोळे पुसले, दाराकडे बघितलं, परत आजोबांकडे बघितलं.

"आजोबा, एक चालू आहे."

"खंयचो?"

"पाचवा."

गुणाजींना समजायला थोडा वेळ लागला. ही खोली झाडायला पूर्वी चंपा यायची, त्याच मजल्यावरची. चोरी झाली तेव्हा त्यांनी भर गॅलरीत तिला चोर म्हटलं होतं, काम काढून घेतलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

"चंपाकडे?"

तिने मान डोलावली. "मी सगळं तिथेच शिकले. चाळीतली सगळीच शिकतात."

म्हणजे मैत्रीण ती हीच. आणि हे सगळ्या पोरांना ठाऊक, फक्त किल्ली सांभाळणाऱ्याला नाही!

"तुम्ही थांबा, मी जाते," स्पृहा म्हणाली.

"नको. माका मागू दे."

चंपाने पिठाच्या हातांनी दार उघडलं. गुणाजींना मान वर करवेना.

"चंपा, पोरीची परीक्षा आहे," एवढंच ते कसंबसं बोलले.

चंपाने सावकाश हात पुसले. एक एक क्षण जात होता आणि स्पृहाची बोटं ओढणीला पीळ घालत होती.

"तुम्ही चोर म्हणालात ते काही खोटं नव्हतं, काका," चंपा शेवटी म्हणाली. "रोज वरची धूळ झाडायची आणि परत कुलूप लावायचं. माझ्याच्याने नाही झालं ते." मग आत वळून ओरडली, "उठा रे दोघं! ताईला बसू दे."

लॅपटॉपच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली होती. बटणांवरची अक्षरं पार झिजून गेली होती. स्पृहाने बटण दाबलं. आत काहीतरी घरघरलं आणि तिच्या तोंडावर उजेड पडला. सव्वाअकराला जेमतेम दोनतीन मिनिटं होती.

गुणाजी बाहेर आले, दार हळूच ओढून घेतलं आणि पाठ लावून उभे राहिले. गॅलरीतून पोरं धावत येत होती. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"आजोबा, मंडळाची खोली सताड उघडी पडलीय!" एकजण ओरडलाच. "कुलूप लावू?"

"राहू दे," गुणाजी दबक्या आवाजात म्हणाले. "ओरडू नको. आत मशीन चालू आहे."