तिसरी नोंद

कुत्र्याच्या भुंकण्याची तक्रार करायची तर तीन नोंदी लागतात. सलग अर्धा तास भुंकणं, तारीख, वेळ, खाली सही. अशा तीन भरल्या की कमिटी कुत्रं आठ दिवसांत बाहेर काढायला लावते. आमच्या वसाहतीचा तसा नियमच आहे, मोठ्या फाटकापाशी पाटीवर लिहिलेला. माझ्या दोन भरल्या होत्या. तिसरीसाठी मी चार महिने टपून बसले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला साळसूद समजायला नको.

इथे एकेक प्लॉट एकराचा. वसाहतीभोवती उंच भिंत, मोठ्या फाटकावर पहारा, आत झाडं, लांबलांब घरं आणि दोन प्लॉटांच्या मध्ये तारेचं कुंपण. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायला जायचं तर आपल्या फाटकातून बाहेर पडून रस्त्याने वळसा घाला, दहा मिनिटं. पण साखर मागावी लागू नये म्हणूनच तर आलो होतो. एकतीस वर्षं मी शाळेच्या कचेरीत काढली, घंटेच्या बरोबर खाली टेबल. निवृत्त झाल्यावर कानाला काही नको, एवढंच माझं मागणं. आमचे हे म्हणाले, "तू म्हणशील तिथे जाऊ." जन्मभर ते हेच म्हणत आले.

शेजारी मोजणीदार. लोकांच्या जमिनी मोजण्यात नोकरी संपली, बायको गेली, एकुलती एक लेक परगावी. सोबतीला कुत्रा, त्याचं नाव साहेब. "आयुष्यभर साहेब माझ्यावर भुंकले. हा निदान शेपूट तरी हलवतो," असं पहिल्याच दिवशी कुंपणाच्या तारेपलीकडून सांगून एकटेच हसले. हसू मलाही आलं होतं, पण मी दाखवलं नाही. पुढे हा साहेब पान हललं तरी भुंकायला लागला. मी बोलून दाखवलं, तर म्हणे, "अहो वहिनी, कुत्रंच ते, भुंकणारच. गायला लागलं तर मला काळजी वाटेल." माझं म्हणणं कोणी असं हसण्यावारी नेलेलं मला खपत नाही. आमचं बोलणं बंद झालं आणि माझी वही सुरू झाली.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी साहेब सुरू झाला. मी व्हरांड्यात भाजी निवडत होते. ताट बाजूला सारलं आणि वही घेतली. एरवी तो दहा-पंधरा मिनिटांत दमायचा आणि माझी नोंद वाया जायची, म्हणून घड्याळही समोर आणून ठेवलं. खरं सांगते, मनातल्या मनात त्याला विनवत होते, थांबू नकोस रे आता, आणखी थोडा दम काढ.

त्याने काढला. अकरा चाळीसला मी लिहिलं, 'सलग, जोरात.' तिसरी नोंद भरली. मला इतका आनंद झाला की उठून चहा टाकला.

तो काही थांबेना. मोजणीदारांच्या प्लॉटच्या खालच्या कोपऱ्यात बांबूचं दाट बेट आहे, त्यामागचं आमच्याकडून काही दिसत नाही. साहेब तिकडून धावत तारेपर्यंत यायचा, थेट माझ्या तोंडाकडे बघून भुंकायचा, परत बांबूमागे पळायचा, परत यायचा. मी लिहिलं, 'अंगावर येतो.'

हे आतून आले. म्हणाले, "अगं, आज काहीतरी वेगळंच भुंकतोय. जाऊन बघू का?"

"त्या गुडघ्याने? एवढा वळसा घालून जाणार, ते दारातच दोन टोमणे मारणार आणि तुम्ही हसत परत येणार. बसा गप."

हे बसले.

सव्वाबाराला बांबूमागून माणसाचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण आवाज मोजणीदारांचाच. लागोपाठ दोनदा आला, थोड्या वेळाने आणखी एकदा. कुत्र्याला दटावतायत, असं मी धरून चालले. वहीत लिहिलं, 'मालक आवाज देतो. उपयोग नाही.'

मग मी पहाऱ्यावर फोन केला. पहारेकरी सायकलवरून आला. त्याने मोजणीदारांच्या फाटकाची घंटा वाजवली, फोन लावून पाहिला, मग माझ्याकडे आला.

"मॅडम, उचलत नाहीत. मालकाने या म्हटल्याशिवाय आम्हाला प्लॉटमध्ये पाय टाकता येत नाही. त्यांना काही झालं तर नसेल?"

"काही झालेलं नाही. आत्ताच आवाज ऐकलाय मी त्यांचा. मुद्दाम उचलत नाहीत."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. फाटकाला नोटीस चिकटवून गेला बिचारा. त्याच्या मनात आलं होतं. मीच घालवलं.

दीडला अजून चालू, तीनला आवाज घोगरा, असं मी लिहीत गेले. चार पस्तीसला भुंकणं थांबलं. वेळ लिहिली, पुढे 'शांतता' लिहिलं, सही ठोकली आणि पानाचा फोटो काढून कमिटीला पाठवून दिला. दुपारभर राबल्यासारखं वाटत होतं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीदारांचा माळी आला. त्याला ते बांबूमागे सापडले. कोपऱ्यातला हद्दीचा दगड कलला होता, तो सरळ करायला गेले असणार, आणि दगड मांडीवर येऊन ते खाली अडकले. सदरा त्यांच्या व्हरांड्यात खुंटीला, फोन सदऱ्याच्या खिशात. साहेब त्यांच्या छातीला टेकून बसला होता. माळ्याला बघून त्याने तोंड उघडलं, पण घशातून आवाज फुटला नाही.

संध्याकाळी त्यांची लेक आली. बॅग हातात घेऊनच आमच्याकडे आली आणि टेबलाशी बसली.

"काकू, डॉक्टर म्हणतात, बाबा गेले त्याची नक्की वेळ सांगता येणार नाही. फार वेळ पडून नव्हते ना हो बाबा? तुम्ही सगळ्यात जवळ."

वही टेबलावरच होती. मी वहीवर वर्तमानपत्र सरकवलं. हे माझ्याकडे बघत होते.

"नाही गं. एका क्षणात झालं असणार. आम्हाला काही ऐकूसुद्धा आलं नाही."

तेव्हा ती मोकळी रडली. माझा हात धरून म्हणाली, "एवढं कळलं, आता मला झोप तरी लागेल." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हे उठून आत गेले. मी मनाला समजावलं की खोटं तर खोटं, पोरीला झोप तर मिळाली. त्याच रात्री गॅसवर धरून वही जाळली, पान पान करून. बोटं भाजली, त्याचं बरंच वाटलं.

पाठवलेल्या फोटोची आठवण मला झालीच नाही. इतकी हुशार मी.

नवव्या दिवशी लेक घर बंद करून निघाली होती. साहेबाचा पट्टा हातात धरून तारेपाशी आली. दुसऱ्या हातात कागद होता.

"कमिटीचं पत्र आलंय, बाबांच्या नावाने. नोंदी पूर्ण झाल्या, कुत्रा आठ दिवसांत हलवावा. सोबत प्रत जोडलीय." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर मला झेपलं असतं. "अकरा दहा, सुरू. अकरा चाळीस, सलग, जोरात. अक्षर किती सुरेख आहे हो काकू तुमचं."

मी तार धरून उभी होते.

"सव्वाबारा. मालक आवाज देतो." तिथे ती थांबली. "काय म्हणत होते बाबा?"

"शब्द कळले नाहीत गं."

"तुम्हाला हाक मारत होते?"

"मला वाटलं, कुत्र्याला..."

"दीड. तीन. चार पस्तीस, शांतता." तिने कागदाची घडी घातली, अगदी काठाला काठ जुळवून. "मी डॉक्टरांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना वेळ विचारत फिरले. तुम्हाला तर मिनिटं माहीत होती."

साहेबाने माझ्या तोंडाकडे बघितलं. भुंकला नाही. ती त्याला घेऊन गाडीत बसली आणि गेली. तिकडे मोठं फाटक सरकून बंद झालं, ते मला इथवर ऐकू आलं. इथे सगळंच ऐकू येतं.

मी व्हरांड्यात आले. हे खुर्चीत बसले होते, बांबूच्या बेटाकडे तोंड करून. नऊ दिवस ते तिथेच बसतायत. चहा दिला की घेतात, जेवायला बोलावलं की येतात.

"काहीतरी बोला हो," मी म्हटलं. "शिव्या द्या, पण बोला."

त्यांनी मानही वळवली नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बसलोय ना गप."