शेजारची गरम सीट

इंदूरच्या उन्हाळ्यात गाडी भरदुपारी बाहेर उभी केली, की सीट अशी तापते की टेकायची हिंमत होत नाही. त्यासाठी वेगळं बटण कशाला हवं? पण नानासाहेबांना सांगणार कोण! सरकारनं बाहेरच्या मालाला दारं उघडली, सोयाबीनच्या धंद्यात बरकत आली, आणि नानासाहेब भियांनी थेट परदेशी गाडी आणून दारात उभी केली. पुढच्या दोन्ही सीटांच्या आत विजेची नागमोडी तार शिवलेली, आणि गिअरपाशी दोन बटणं, एकेका सीटचं एकेक. एकदा दाबलं की एक लाल दिवा, मंद ऊब. पुन्हा दाबलं की दोन दिवे, चांगला शेक. तिसऱ्यांदा दाबलं की बंद. पहिल्या दिवशी नानासाहेबांनी अख्ख्या गल्लीला बसवून दाखवलं, नंतर विसरून गेले आणि मागे बसून पेपर वाचायला लागले.

ड्रायव्हर बाबूराव मात्र विसरले नाहीत.

बाबूराव मूळचे मिलमधले. रातपाळी संपवून पहाटे स्नेहलतागंजच्या खोलीवर यायचे, तेव्हा बायको, दुर्गा, नुकतीच पाणी भरायला उठलेली असायची. तिच्या जागेवर, तिच्याच गोधडीत हे शिरायचे. जागा अजून उबदार असायची, आणि पाठ टेकताच घोरणं सुरू. आता यात काय मोठं? रोजचंच ते. पण मिलला टाळं लागलं, पुढे दुर्गाही आजारपणात गेली, आणि मग बाबूरावांना कळलं की आपल्याला थंड अंथरुणात झोपच येत नाही.

एका हिवाळ्यात नानासाहेबांना हातोदच्या मंडीत सोडून रिकामी गाडी परत आणताना त्यांनी शेजारच्या सीटचं बटण दाबलं. सहज, हाताला चाळा म्हणून. थोड्या वेळानं त्या सीटवर हात ठेवला, आणि त्यांना भडभडून आलं. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी सीट! मग ते रोजचंच झालं. रिकाम्या गाडीत ते दुर्गेशी बोलत यायचे, रस्त्यावरच्या खड्ड्यांना शिव्या देत, पोरीच्या सासरची हालहवाल सांगत. फाटक दिसलं की बटण बंद.

जिवंत माणूस म्हणाल तर बोलायला एकच, नानासाहेबांच्या पत्नी कुमुदिनीबाई. कंबर धरायची म्हणून त्या पुढे बसायच्या, शेक घ्यायच्या, आणि सुनेच्या तोऱ्यापासून भटारखान्यातल्या उंदरांपर्यंत सगळं बाबूरावांना ऐकवायच्या. घरी त्यांचं ऐकतंय कोण! बाबूरावांना स्वतःचं काही सांगायला फट मिळाली नाही ती नाहीच, पण दिवस त्या बडबडीवर निघायचा. पगार काय, दुसरीकडेही मिळाला असता. शेजारी बसून बोलणारं माणूस कुठून मिळणार? ही नोकरी हातची जाऊ नये, एवढीच धास्ती होती त्यांना.

आणि संक्रांतीला घात झाला. घरी हळदीकुंकू होतं. हातोदहून गाडी फाटकात शिरते न शिरते तोच करंडा हातात घेऊन बाई समोर.

"चला पटकन, वाण कमी पडलंय. भंवरकुआंपर्यंत जाऊन येऊ."

बाबूरावांनी राहून गेलेलं बटण घाईनं बंद केलं. दिवा लगेच विझतो, पण सीट थोडीच लगेच गार होते? बाई बसल्या आणि दचकल्या.

"अगं बाई, शेक बंद, तरी ही गरम! कोण बसलं होतं?"

आधीच्या ड्रायव्हरनं पैसे घेऊन सवाऱ्या बसवल्या, म्हणूनच नानासाहेबांनी त्याला हाकललं होतं.

"बायको," ते बोलून गेले. "कोपऱ्यावर सोडली आत्ताच."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं!

"कमाल करता हो! संक्रांतीच्या दिवशी सवाष्ण माझ्या दारावरून परत? वळवा गाडी. मी स्वतः कुंकू लावते तिला. नाव काय तिचं?"

"दुर्गा."

कोपऱ्यावर गाडी थांबली. बाईंनी काच खाली केली, करंडा उघडला आणि भर रस्त्यात हाका मारायला लागल्या, "दुर्गाबाई! अहो दुर्गाबाई, इकडे या!" पलीकडच्या दुकानातली एक बाई वळून बघायला लागली. किती वर्षांनी कुणी त्या नावानं हाक मारत होतं, आणि ओ द्यायला कुणी नव्हतं. बाबूरावांना ते सहन होईना.

"नका हो हाक मारू," ते म्हणाले. "ती नाहीये, बाई. कधीच गेली. मी खोटं बोललो."

"मग ही सीट?"

"मीच तापवतो. ती बसल्यासारखं वाटतं मला." आणि मग त्यांनी रातपाळीचं, गोधडीचं, सगळं सांगून टाकलं.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी करंड्याचं झाकण लावलं, खाली उतरल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. वाण घेऊन दोघं परत आले. नानासाहेबांना बाईंनी काही सांगितलं नाही. नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. बाबूरावांनी आधीच शेक सुरू करून पुढचं दार उघडून धरलं. बाई कमरेवर हात ठेवून मागचं दार स्वतःच उघडायला लागल्या.

"बाई, पुढे बसा ना. मागं गार आहे, कंबर धरेल."

"राहू द्या, बाबूराव," त्या हळूच म्हणाल्या. "तिची जागा आहे ती. बसू द्या तिला."