आठशे फूट, ना कमी ना जास्त

आमच्या हंट्सविलमध्ये रॉकेटवाल्यांना तोटा नाही. न्हाव्याकडे गेलात तरी शेजारच्या खुर्चीतला माणूस इंधनाच्या टाकीबद्दल बोलत असतो आणि न्हावी त्याची चूक काढत असतो. रॉइस हॅगूड हा त्यांच्यातलाच एक. सत्तावीस वर्षं त्याने सरकारी रॉकेटांवर काम केलं. चार रॉकेटं. चारही कागदावर देखणी, आणि एकही जमिनीवरून उठलं नाही. पहिलं राष्ट्राध्यक्ष बदलले म्हणून बंद पडलं, दुसरं महागलं म्हणून. तिसऱ्याचं नाव इतक्यांदा बदललं की ते कशासाठी बांधतोय हेच लोक विसरून गेले. चौथ्याच्या निरोप समारंभातला केक मात्र चांगला होता. त्या चारही रॉकेटांची चित्रं रॉइसच्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेली आहेत. त्याची बायको ग्लेंडा पाहुण्यांना ती दाखवून म्हणायची, "ही आमच्या घरातली मोडलेली लग्नं."

रॉइस हसायचा. पण एक गोष्ट त्याने ग्लेंडालाही कधी सांगितली नव्हती. आपण ज्याच्यासाठी डोकं शिणवलं असं काहीतरी एकदा, फक्त एकदा, वर जाताना त्याला बघायचं होतं. केवढंही चाललं असतं.

म्हणून त्याची मुलगी डार्सी शाळेच्या शेवटच्या वर्षी रॉकेट स्पर्धेत उतरली, तेव्हा तिच्यापेक्षा तोच जास्त हुरळला. स्पर्धा सांगायला सोपी होती. पुठ्ठ्याच्या नळीचं रॉकेट करायचं, त्यात कोंबडीचं कच्चं अंडं ठेवायचं, ते बरोबर आठशे फूट वर न्यायचं आणि न फुटता खाली आणायचं. ना कमी ना जास्त. फुटाफुटाला गुण कापले जाणार. ज्या गावात चिल्लीपिल्लीसुद्धा चंद्रापेक्षा खालच्या गोष्टी बोलत नाहीत, तिथल्या पोरांना आठशे फुटांवर थांबायला सांगणं म्हणजे पहिलवानाला सुईत दोरा ओवायला बसवण्यासारखं होतं. आणखी एक नियम होता: सगळं काम मुलांचं, मोठ्यांनी हात लावायचा नाही.

रॉइसने तो नियम बारकाईने वाचला. हात लावायचा नाही हे ठीक, पण प्रश्न विचारायला कुठे बंदी होती?

झालं. दर गुरुवारी त्याच्या गॅरेजमध्ये बैठक भरायला लागली. घडीचं टेबल, डोनटचा खोका, आणि टेबलाच्या टोकाला रॉइस. डार्सी, तिचा जोडीदार टॅव्हॅरिस आणि संघातली बाकीची पोरं समोर. रॉइस हात मांडीखाली दाबून बसायचा, म्हणजे नियमभंग नको.

"पॅराशूट उघडलं नाही तर?"

"उघडेल, डॅडी."

"उघडेल हे उत्तर नाही, ती प्रार्थना झाली. पुढच्या गुरुवारी दाखव मला."

पुढच्या गुरुवारी पॅराशूटचं उत्तर मिळे, तर शेपटाच्या पंखांचं घोडं अडे. पंख जमले की गोंद कुठला. गोंद ठरला की तो थंडीत धरेल का. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे तर नवरीचा बापच ती आमंत्रणं देऊन बोलवत होता. थँक्सगिव्हिंग गेलं, ख्रिसमस गेला. टेबलावरचं रॉकेट टेबलावरच राहिलं.

"मिस्टर रॉइस," एकदा टॅव्हॅरिसने अदबीने विचारलं, "हे उडवायचं कधी, सर?"

"तयार झालं की."

"आणि ते तयार झालं हे कोण ठरवणार, सर?"

"बैठक."

टॅव्हॅरिसने डोनट उचलला आणि डार्सीकडे बघितलं. डार्सी छताकडे बघत होती.

मार्चमध्ये बिंग फुटलं. रॉइस हवेतल्या दमटपणावर बोलत होता, आणि टॅव्हॅरिस तोंडात घास असतानाच म्हणाला, "नाही सर, मागच्या रविवारी दमट होतं, तरी सातशे नव्वदपर्यंत गेलंच की." मग त्याने घास गिळला, पण तोवर वेळ गेली होती.

रॉइसने टेबलावरच्या रॉकेटकडे बघितलं. त्यावर धुराचा एक डाग नव्हता.

"हे नाही," डार्सी म्हणाली. "दुसरं आहे. टॅव्हॅरिसच्या मामाच्या शेतावर उडवतो, चर्च सुटल्यावर."

"किती वेळा उडवलंत?"

"बऱ्याच वेळा."

"आणि हे?"

डार्सीने टॅव्हॅरिसकडे बघितलं, टॅव्हॅरिसने डोनटकडे. "हे तुमच्यासाठी, डॅडी. तुम्ही इथे खूश असायचात. आम्ही म्हटलं, चालू दे."

रॉइसला आधी राग आला आणि मग रागापेक्षा वाईट काहीतरी. उडालं होतं. बऱ्याच वेळा उडालं होतं, आणि त्या वेळी तो दोन मैलांवर टीव्हीसमोर पाय पसरून झोपला होता.

"मला का नाही बोलावलंत?"

"तुम्हाला बोलावलं असतं तर आपण अजून पॅराशूटवरच असतो," डार्सी म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर ग्लेंडाने तह करून दिला. शनिवारी पात्रतेचं उड्डाण होतं. निकाल पाठवायची मुदत संपत आलेली, म्हणजे संधी एवढी एकच. आकडा जमला तर पोरं राष्ट्रीय फेरीला जाणार होती. डार्सीची शाळाच संपणार असल्यामुळे तिला पुढचं वर्ष नव्हतं.

"यायचं असेल तर या," डार्सी म्हणाली. "पण एकही प्रश्न नाही."

"एकही नाही."

"'सहज विचारतो' असं म्हणूनसुद्धा नाही."

"रॉइस, मान हलवून पुरायचं नाही," ग्लेंडा म्हणाली. "शब्द दे."

त्याने शब्द दिला.

टॅव्हॅरिसच्या मामाच्या शेतात हिरवळ पिकते. फुटबॉलच्या मैदानांसाठी ती गालिच्यासारखी गुंडाळून विकतात. शनिवारी सकाळी त्या सपाट हिरव्या रानात पोरांनी उडवायचा दांडा रोवला. पश्चिमेकडे आभाळ काळवंडत होतं. दुपारी वादळ येणार हे रेडिओ सांगत होता. स्पर्धेच्या निरीक्षक मिसेस ड्रेनन टोपी हाताने धरून उभ्या होत्या. "वारा अजून एवढासा जरी वाढला, तर मी बंद करणार," त्यांनी बजावलं. "मग रडायचं नाही."

खरं रॉकेट रॉइसने पहिल्यांदाच बघितलं. करपलेलं, चिकटपट्ट्या लावलेलं, एका पंखाला ठिगळ. त्याच्या टेबलावरचं रॉकेट याच्यापुढे नवरदेव वाटलं असतं.

डार्सीने रॉकेटचं टोक उघडलं. रॉकेट आठशेच्या वर जाऊ नये म्हणून आत वजनाला ठेवलेला चिकणमातीचा गोळा तेवढ्यापुरता काढून बर्फाच्या पेटीच्या झाकणावर ठेवला, मिसेस ड्रेननने तपासून दिलेलं अंडं फोममध्ये बसवलं आणि टोक बंद केलं. तेवढ्यात वाऱ्याने कुणाचीतरी टोपी उडाली, एकदोन पोरं तिच्यामागे धावली, मिसेस ड्रेननने घड्याळ बघितलं, आणि डार्सी रॉकेट घेऊन दांड्याकडे गेली.

गोळा झाकणावरच राहिला.

रॉइसला तो दिसला. द्राक्षाएवढा, राखाडी. हे वजन टोकात नसलं तर रॉकेट किती हलकं होईल आणि किती वर जाईल, हे त्याला हिशेब न करताही कळलं. इतक्या वर्षांत शिकला होता ते हेच. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.

पण वारा कळावा म्हणून दांड्याशेजारी लावलेली झेंडी एव्हाना ताणून उभी राहिली होती. आता थांबवलं, टोक उघडलं, अंडं काढलं, पुन्हा बसवलं, तर तोवर वारा वाढणार आणि ड्रेननबाई बंद म्हणणार. त्याच्या सगळ्या जन्मात हेच झालं होतं. कुणीतरी रास्त शंका काढायचा, जरा थांबू म्हणायचा, आणि थांबलेलं पुन्हा कधी सुरू झालं नव्हतं. बऱ्याचदा तो शंका काढणारा रॉइसच होता.

डार्सीने एकदा वळून त्याच्याकडे बघितलं. तोंडाला कुलूप लावून तो उभा होता. तिला ते आवडलं असावं, कारण ती चक्क हसली. मग तिने बटण दाबलं.

फस्स झालं, आणि ठिगळाचं ते पुठ्ठ्याचं रॉकेट दांडा सोडून निघालं. सरळ. वर. आणखी वर. रॉइसचं तोंड उघडं पडलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. मागे धुराची एक पांढरी रेघ उरली होती, वारा ती पुसत होता. पॅराशूट उघडलं. पोरं ओरडत हिरवळीवरून धावत सुटली.

तो वरच बघत राहिला. ग्लेंडाने त्याचा दंड धरला. "अरे, ते केव्हाच उतरलं."

"माहीत आहे," रॉइस म्हणाला. "पण गेलं होतं ना?"

अंड्याला तडा नव्हता. आतल्या उंचीमापकाने आठशे सत्तेचाळीस दाखवले. मिसेस ड्रेननने तो आकडा दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हळू आवाजात. सत्तेचाळीस फूट जास्त, म्हणजे राष्ट्रीय फेरी गेली. मग टॅव्हॅरिस थंड चहाची बाटली काढायला बर्फाच्या पेटीकडे गेला आणि तिथेच थबकला.

"डार्सी," तो म्हणाला, "माती इथे राहिली, आणि आपण माती खाल्ली."

परतताना ग्लेंडा तिच्या गाडीने पुढे गेली. डार्सी बापाबरोबर ट्रकमध्ये बसली. तिचं रडून झालं होतं. पहिले थेंब काचेवर पडायला लागले, तेव्हा तिने विचारलं, "पेटीशेजारी तुम्हीच उभे होतात. तुम्हाला दिसला होता ना गोळा?"

नाही म्हणणं सोपं होतं. "दिसला होता," रॉइस म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुला शब्द दिला होता."

"डॅडी."

त्याने वायपर लावले. ते लावून झाले, मग करायला काही उरलं नाही.

"बोललो असतो तर थांबलं असतं," तो म्हणाला. "आणि मला ते जाताना बघायचं होतं."

डार्सी त्याच्याकडे बघत राहिली. इतका वेळ की समोरचा दिवा हिरवा झाला, मागच्याने भोंगा वाजवला, तरी रॉइसला गाडी पुढे घ्यायचं सुचलं नाही.

"मग? बघितलंत?"

"बघितलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. "एकाचं तरी काम झालं."

रॉइसला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही आत कुठेतरी आनंद होत होता, याची तर त्याहून लाज. घराच्या वळणाशी डार्सी बोलली, पण तोंड खिडकीकडेच ठेवून.

"सरळ किती गेलं ना, पण?"

रॉइसने नुसती मान हलवली, आणि खिडकीबाहेर बघत असल्यामुळे तिला ती दिसली नाही.