दगा सीटने दिला नाही

ऐकता का राजेहो, मी सीट बोलून राहिली. सोफ्याची नाही, टॉकीजमधली तर नाहीच नाही. लढाऊ विमानात पायलट ज्या सीटवर बसतो, ती मी. सध्या गोदामाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली आहे. जो येतो तो विचारतो, "हीच का ती दगाबाज?" कितीदा ऐकायचं? म्हटलं, आता आपणच तोंड उघडलेलं बरं.

आधी माझं काम समजून घ्या. विमान पडायला लागलं की पायलट दोन गुडघ्यांमधलं पिवळं-काळं हँडल ओढतो. माझ्या पाठीत एक काडतूस असतं, ते फुटतं आणि मी माणसाला घेऊन विमानाच्या छपरातून वर उडते. मग पॅराशूट उघडतं. बस्स. जन्मभर गप बसायचं आणि एकदाच कामाला यायचं. ते एकदा कधी येऊच नये, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. तरुणपणी तिकडच्याच हवाई दलात होते. तिथल्या पोरांनी मला नीट सांभाळलं. काडतुसाची मुदत संपायच्या आत नवं बसायचं. जमिनीवर असताना मी चुकून उडू नये म्हणून माझ्यात पिना खोचत, त्यांना लांब लाल रिबिनी असत. उड्डाणाआधी मेकॅनिक त्या पिना काढायचा आणि रिबिनी पायलटसमोर हलवून दाखवायचा. पायलट अंगठा वर करायचा. अर्थ एवढाच, की सीट जागी आहे, बिनधास्त जा. रिबिनी म्हणजे दिलेला शब्द होता, राजेहो.

मग आमचं विमान म्हातारं झालं आणि विक्रीला निघालं. नागपूरच्या मधुकररावांनी तशी दोन विमानं घेतली. हौशी माणूस! काटोलच्या बाजूला स्वतःची धावपट्टी बांधली. सणासुदीला विमान उडवायचं, खाली गर्दी जमवायची, आणि आपण पांढरे कपडे घालून माइकवर बोलायचं, हा त्यांचा शौक.

माझी देखभाल तिथले मेकॅनिक गणपतराव यांच्याकडे आली. त्यांचा माझ्यावर फार जीव. मला पुसता पुसता बोलायचे, "काय वं म्हातारे, बरी हायेस ना?" ही भाषा मी त्यांच्याकडूनच शिकले. माझ्या शेजारी बसून डबा खायचे, घरची गाऱ्हाणी सांगायचे. मला वाटायचं, जगात आपलं कोणी असेल तर हा माणूस.

आणि पायलट सौरव. हवाई दलातून निवृत्त झालेला, प्रताप नगरात राहणारा, हसरा. माझ्यावर बसण्याआधी दर वेळी माझ्या खांद्यावर थाप मारायचा.

पुढे माझ्या काडतुसाची मुदत संपली. नवं मिळेना, ते बनवणारा कारखानाच बंद पडला होता. जुनं ठेवावं तर उभ्या उभ्या फुटायची भीती. मधुकरराव म्हणाले, "काढून टाका."

"काढतो जी," गणपतराव म्हणाले, "पण सौरव साहेबाले सांगा लागन."

"सांगितल्यावर तो उडन काय? दसऱ्याचा शो तोंडावर आला. अन् आजवर कधी कामी पडली का ही सीट? मंग?"

मी वाट पाहत होते. गणपतराव भांडतील, पाना फेकून निघून जातील. त्यांनी मान खाली घातली आणि पाना उचलला. माझी पाठ रिकामी केली. मग त्याच रिकाम्या सीटमध्ये पिना खोचल्या, रिबिनी सारख्या केल्या. अहो, कशासाठी? मेलेल्याला कोणी झोपवतं का?

खंडेनवमीला मशिनींची पूजा होती. सौरवची बायको श्वेता ताट घेऊन शिडीवर चढली. माझ्या डोक्याला कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि हळूच म्हणाली, "माय, माह्या माणसाले सांभाळजो वं. वर तर तूच असते त्याच्यापाशी."

खाली शिडी धरून गणपतराव उभे होते. त्यांनी ऐकलं. मी पाहिलं ना, ऐकलं त्यांनी! तरी तो माणूस एवढंच बोलला, "सांभाळून उतरा, ताई."

दसऱ्याला गर्दी उसळली. गणपतरावांनी पिना काढल्या आणि रिबिनी सौरवसमोर हलवल्या. त्यानं अंगठा वर केला. मला ओरडावंसं वाटलं, पण मला आवाज कुठला?

दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीला इंजिन ठसकलं आणि बंद पडलं. खाली माणसंच माणसं. सौरवनं विमान कसंबसं शेतांकडे वळवलं आणि मगच हँडल ओढलं. मी सगळा जीव एकवटला. काही झालं नाही. त्यानं पुन्हा ओढलं, दोन्ही हातांनी. "चल ना वं, चल!" तो ओरडत होता. मग हँडल सोडून त्यानं विमान सांभाळत तुरीच्या शेतात उतरवलं. आम्ही बांधावर आदळलो. सौरव वाचला, पण त्याचे पाय कायमचे गेले.

खरा दगा तर पुढेच आहे. तपासाची माणसं यायच्या आत गणपतराव धावत आले आणि माझ्यातून काढलेलं तेच जुनं काडतूस त्यांनी परत माझ्या पाठीत बसवलं.  तपासणाऱ्यांनी पाहिलं, काडतूस आहे, फुटलं नाही. मधुकरराव कॅमेऱ्यासमोर डोळे पुसत म्हणाले, "सीटनं ऐन वेळी दगा दिला हो!"

काही महिन्यांनी सौरव गोदामात आला, चाकाच्या खुर्चीत. श्वेता खुर्ची ढकलत होती. तो माझ्यासमोर येऊन थांबला.

"इतके दिवस भरोशानं पाठ टेकली तुले," तो म्हणाला. "काहून केलं वं असं?"

गणपतराव फडकं घेऊन बाजूलाच उभे होते. बोला ना, गणपतराव! आता तरी बोला! माझ्या शेजारी बसून जेवलात ना तुम्ही?

"जुनी झाली होती, साहेब," ते म्हणाले. "जुन्या चीजेचा काय भरोसा?"

श्वेता पुढे आली. माझ्या डोक्यावर तिनं लावलेलं कुंकू वाळून चिकटलं होतं. ओढणीचं टोक थुंकीनं ओलं करून तिनं ते घासलं, पार निघेपर्यंत घासलं. त्या आदळण्यानं मला काही झालं नव्हतं. हे मात्र लागलं.

आता मला नवं लाल रेक्झिन चढलंय. ते काडतूस पुन्हा काढलंय. मधुकररावांच्या दुसऱ्या विमानात मला बसवणार आहेत, नवा पायलटही ठरलाय. बाहेर तारेवर गणपतरावांनी रिबिनी धुऊन वाळत घातल्यात.

पायलट बापू, तू कोण आहेस मला ठाऊक नाही. पण माझ्यावर बसण्याआधी माझ्या मागची काडतुसाची नळी उघड आणि आत बोट घाल. बोटाला काही लागलं नाही तर उतर आणि घरी जा. रिबिनी पाहून अंगठा दाखवू नको.

आणि प्रताप नगरात कोणाचं जाणं झालं तर सौरवला माझा एक निरोप द्या. म्हणावं, तू दोनदा ओढलंस बाबा, आणि दोन्ही वेळा मी उठायला निघाले होते.