तक्रार मान्य

"आम्ही तुमचं ऐकतोय, मिसेस टोनकिन," काउन्सिलचा पेलो म्हणाला आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

गेलं वर्षभर तो ऐकतच होता. ऐकण्यात त्याचा हात धरणारा आख्ख्या काउन्सिलमध्ये दुसरा कोणी नसेल. मान कलती करायची, भुवया वर न्यायच्या आणि मध्येच 'अवघड आहे हो' म्हणायचं, या कामाचा त्याला पगार मिळतो.

माझी मेरिन आठ वर्षांची. घराबाहेर तोंड उघडत नाही आणि वर्गात गोंगाट झाला की टेबलाखाली जाऊन बसते. शाळेत तिच्यासोबत दिवसभर कोणीतरी हवं, एवढंच आमचं मागणं. तिचा पगार काउन्सिलने द्यायचा. ते ठरवायची कायद्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती, म्हणून मी तक्रार केली होती.

तोवर शाळेने पदरमोड करून जेन्नाला तिच्याजवळ ठेवलं होतं. जेन्ना 'बाहेर ये' असं कधी म्हणाली नाही. ती आपली गुडघे दुमडून टेबलाखाली तिच्या शेजारी जाऊन बसायची. तिथेच एक दिवस मेरिन तिच्याशी बोलली. आमच्या घराबाहेर माझ्या पोरीचा आवाज ऐकलेली ती एकटीच. पण शाळेची ऐपत ईस्टरपर्यंतचीच होती. काउन्सिलने होकार दिला नाही, तर जेन्ना जाणार.

"ईस्टरच्या आत होणार का, तेवढं बोला," मी म्हणाले.

"तुमच्या भावना मी वर पोचवतो."

"भावना राहू देत माझ्याकडेच. तुम्ही माणूस द्या."

"अगदी बरोबर बोललात," असं म्हणून त्याने तेही लिहून घेतलं. मला बशी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

ईस्टरच्या सुट्टीआधी उत्तर आलं. पहिलंच वाक्य होतं, 'आपली तक्रार पूर्णपणे मान्य करण्यात आली आहे.' पुढचं वाचायला मी थांबलेच नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते मी. अंगावरच्या एप्रनसकट शाळेत धावले. फाटकापाशी जेन्ना दिसली, तिला मिठीच मारली.

"झालं गं, मान्य झालं! राहिलीस तू!"

"खरं? अगं, मी तर काल सुपरमार्केटात नोकरीचं विचारून आले," जेन्ना म्हणाली आणि रडायलाच लागली.

हेडबाई मिसेस व्हॉटली बाहेर आल्या. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, मग परत वरून वाचला.

"लोरेन, यात तक्रार मान्य झालीय. मदत नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे उशीर झाला, हे त्यांना मान्य आहे. मदतीचं अजून बघतायत."

मी तिथूनच पेलोला फोन लावला.

"पण निकाल तर तुमच्याच बाजूने लागलाय!" तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर दुःख होतं. "इतकी पूर्ण सहसा कोणाची मान्य होत नाही. आम्ही दिलगिरीसुद्धा व्यक्त केलीय."

हा माणूस लबाड असता तर परवडला असता. आपण या बाईला काहीतरी दिलंय, असं त्याला मनापासून वाटत होतं. अशा माणसाशी भांडताही येत नाही, नुसती किळस येते.

सुट्टीनंतर जेन्ना सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसली. तिलाही घर होतं, पोट होतं. मेरिन शाळेच्या फाटकापर्यंत यायची आणि वळायची. मग तेवढंही येईनाशी झाली. काउन्सिल अजून बघतंय.

शनिवारी आम्ही बाजार करायला जातो. बाकीचे गल्ले मोकळे असले तरी मेरिन जेन्नाच्याच रांगेत उभी राहते. आपली पाळी आली की टोपलीतली एकेक वस्तू काढून सरकत्या पट्ट्यावर ठेवते.

"दूध," ती अगदी हळू म्हणते.

"दूध," जेन्ना म्हणते आणि ते उचलते.

"वाटाणे."

"वाटाणे."

परवा मागचा माणूस खाकरला. मग म्हणाला, "चला की पुढे, बाई! इथे राहायला आलात का?" जेन्नाने वर पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो शेजारच्या गल्ल्याकडे वळला.

"झालं का गं सगळं?" जेन्नाने मेरिनला विचारलं.

मेरिनने टोपलीत पाहिलं. टोपली रिकामी होती. तिने गल्ल्याशेजारच्या मांडणीवरून च्युइंगमचं एक पाकीट घेतलं आणि पट्ट्यावर ठेवलं.

"च्युइंगम," ती म्हणाली आणि दुसऱ्या पाकिटाकडे हात नेला.