सिकॅमोर रस्त्यावरची एकुलती एक निळी पाटी

"या देशाचं भविष्य आता मोठ्या शहरांत राहिलेलं नाही. ते दक्षिणेतल्या मध्यम आकाराच्या शहरांत आहे," थिओ लँगरने फोनवर जाहीर केलं. "घरं परवडतात, नदी आहे, डोंगर आहेत, माणसं प्रेमळ आहेत. आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या तरुणांनी इथं यायचं, राहायचं, मत द्यायचं आणि दहा वर्षांत चित्र बदलून टाकायचं."

हे तो अगदी दबक्या आवाजात बोलत होता, कारण स्वयंपाकघरात फ्रिजच्या आडोशाला तो उकिडवा बसला होता आणि बाहेर शेजारीण दार वाजवत होती.

"कुजबुजतोयस का?" मार्गोने बॉस्टनहून विचारलं.

"घसा बसलाय जरा."

"आणि ती ठकठक कसली?"

"सुतारपक्षी. इथं निसर्ग अगदी दारात येतो."

मार्गोने सुतारपक्षी ऐकून घेतला. ती गरीब आरोपींच्या बाजूने लढणारी सरकारी वकील होती आणि खोटं बोलणाऱ्या माणसाला पुढं बोलू देण्याची तिला सवय होती. दोघांचं लग्न ठरलेलं होतं. कुठं राहायचं तेवढं ठरत नव्हतं. थिओला दक्षिणेतल्या नॉक्सव्हिल शहराच्या वीज कंपनीत आयुष्यात पहिल्यांदाच आवडलेली नोकरी मिळाली होती. मार्गो शनिवारी येणार होती, शहर बघणार होती आणि रविवारी संध्याकाळच्या विमानाने परत जाणार होती.

"मी काही नदी आणि डोंगर बघायला येत नाही," ती म्हणाली. "रविवारी निघताना मला तिथं भीती वाटली नसेल, तर मी येईन राहायला. वाटली असेल, तर नाही येणार. मग तुझं तू बघ."

"भीती? इथं? काहीतरीच," असं म्हणून थिओने फ्रिजला पाठ आणखी घट्ट टेकली. दाराचा आवाज थांबला होता. पायऱ्या उतरणारी सावकाश पावलं ऐकू आली. मग ती थांबली. नेमकी पाटीपाशी थांबली असणार.

पाटी त्याच्या अंगणात होती. शाळा मंडळाच्या निवडणुकीत उभ्या राहिलेल्या एका बाईंची, उदारमतवादी पक्षाच्या निळ्या रंगाची. सिकॅमोर रस्त्यावर बाकी जेवढ्या पाट्या होत्या तेवढ्या सगळ्या लाल, म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या होत्या. ती रोवली तेव्हा थिओला आपण फार शूर आहोत असं वाटलं होतं, आणि ते वाटणं दुपारच्या जेवणापर्यंत टिकलंही होतं.

पाटीच्या मागं पायऱ्या, पायऱ्यांवर व्हरांडा, आणि व्हरांड्यात फर्नची मोठी कुंडी. सुरुवातीला या रस्त्यावर सगळं किती गोड होतं. वसंतात तो राहायला आला त्याच दिवशी समोरच्या मिस वीडा कोंबडी-भाताचं भाजलेलं कॅसरोल घेऊन आल्या होत्या, वर बिस्किटांच्या चुऱ्याचा खमंग थर. सत्तरी ओलांडलेल्या, केस कापसासारखे, आवाज मधासारखा. "कुठल्या चर्चला जातोस, बाळा?" त्यांनी विचारलं. "बघतोय अजून," तो म्हणाला. "बघ बघ, आमचं इथं कोपऱ्यावरच आहे," त्या म्हणाल्या होत्या. ते कॅसरोल त्याने आठवडाभर उभ्या उभ्या खाल्लं. भांडंही उत्तम होतं, जाड, पांढरं, कडेला निळी फुलं. कुंडीतून झिरपणारं पाणी साठायला ते खाली अगदी नेमकं बसलं. शेजारधर्माचा असा अनुभव त्याला नवा होता. बॉस्टनमध्ये शेजाऱ्याने त्याला तीन वर्षांत एकच गोष्ट दिली होती, ती म्हणजे सर्दी.

आणि आता सगळं बदललं होतं. लोक व्हरांड्यासमोरून जाताना चालणं मंद करत. गाड्यासुद्धा मंद होत. हात करत, हसत, आणि नजर मात्र थेट त्याच्या घरावर. मिस वीडा तर संध्याकाळी आपल्या झोपाळ्यावर बसून सरळ इकडेच बघत राहत. झोपाळा हलत नसे.

"हसतात ना, तेव्हाच घाबरायचं असतं," बेक्स म्हणाली होती. बेक्स त्याच्या कचेरीतली, सिअॅटलहून आलेली. तिची आणि त्याची ओळख तरुण नोकरदारांच्या मासिक मेळाव्यात झाली होती. नदीकाठच्या एका बिअरच्या दुकानात हा मेळावा भरे, आणि त्यात नॉक्सव्हिलचा माणूस सोडून सगळ्या जगातली माणसं असत. तिथं सगळे एकमेकांना दोनच प्रश्न विचारत, कुठून आलास आणि कधी चाललास. "हे लोक तोंडावर काही बोलत नाहीत. 'देव तुझं भलं करो, बाळा' असं म्हणाले की समजायचं, तुझं नाव काळ्या यादीत लागलं."

"मला परवाच म्हणाल्या मिस वीडा."

बेक्सने ग्लास खाली ठेवला. "कशावरून?"

"मी फर्नला पाणी घालत होतो."

"तू पाणी घालत होतास, आणि त्या बघत होत्या पाटीकडे," बेक्स म्हणाली. पाच वर्षं या शहरात राहून तिचा एकाही शेजाऱ्याशी परिचय नव्हता, त्यामुळे तिला त्यांच्याबद्दल सगळं ठाऊक होतं.

बुधवारी वाणसामानाच्या दुकानात रस्त्यावरच्याच लरलीन बाईंनी त्याची ढकलगाडी अडवली. इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला.

"मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हो कुणाला. पण सगळे बघताहेत. ते तू असं पुढंच ठेवलंयस, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. मिस वीडांना किती लागलंय मनाला."

"त्यांना असं वाटत असेल तर..." थिओने गाडीची दांडी घट्ट धरली. "त्या स्वतः का बोलत नाहीत?"

लरलीन बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या, जणू त्याने दुकानात कपडे काढायला सुरुवात केली होती. "बोलतील कशा? आम्ही असलं कुणाला बोलतो का? माणसानं आपणहून समजायचं असतं." आणि गाडी सोडताना म्हणाल्या, "देव तुझं भलं करो."

गुरुवारी रॉइस टिडवेल. शेरीफच्या पोलीस कचेरीतून निवृत्त झालेला, दारात मावणार नाही असा माणूस. तो आपल्या मालवाहू गाडीतून हळूहळू आला, नेमका त्याच्या घरासमोर थांबला आणि काच खाली केली.

"काय बॉस्टन, तुझं माणूस येतंय म्हणे शनिवारी?"

हे थिओने कुणालाही सांगितलं नव्हतं. बहुधा टपालवाल्याला सांगितलं होतं. "हो. होणारी बायको."

"छान. पोरगी यायच्या आत आवरून टाक की ते." रॉइसने हनुवटीने व्हरांड्याकडे खूण केली. "मी तुला भला माणूस समजतो म्हणून सांगतोय. मिस वीडा सोशिक आहेत. पण शनिवारी आम्ही सगळे जमणार आहोत, मॅच आहे ना. विषय निघणारच."

"आणि निघाला तर?"

"मग आम्ही सगळे येऊ," रॉइस म्हणाला आणि गाडी पुढं नेली.

थिओला त्या रात्री झोप लागली नाही. मार्गोला सगळं खरं सांगावं तर ती येणारच नाही. न सांगावं तर येईल, आणि शनिवारी ते सगळे येतील. शुक्रवारी सकाळी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्याने पाटी उपटली. पण उपटून घरात न्यावी एवढं धैर्यही त्याला झालं नाही. उद्या मार्गोने विचारलं तर? म्हणून ती वाऱ्याने पडल्यासारखी गवतावर आडवी केली. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. मग तो कामावर गेला आणि दिवसभर आरशात स्वतःच्या नजरेला नजर देता येईना म्हणून त्याने हात धुवायला जाणंही टाळलं.

संध्याकाळी परत आला तर पाटी उभी होती.

नुसती उभी नव्हती. कुणीतरी ती हातोड्याने खोलवर ठोकली होती. तारेचे दोन्ही पाय जमिनीत अर्धे गेले होते. थिओने ओढून पाहिली, हलेना. पलीकडच्या झोपाळ्यावर मिस वीडा बसल्या होत्या. त्यांनी हात हलवला. त्याने हात हलवला. घरात जाऊन त्याने दाराला कडी घातली, मग दारामागं खुर्ची लावली, आणि मग ती खुर्ची कितीशी हलकी आहे हे लक्षात येऊन त्यावर स्वतः बसला. लोकांनी पाटी उपटून नेल्याचं त्याने ऐकलं होतं, जाळल्याचंही ऐकलं होतं. पण पळून जाऊ पाहणाऱ्या माणसाची पाटी परत ठोकून ठेवणारी माणसं काय करतील, याचा त्याला अंदाज येईना.

शनिवारी मार्गो आली. नदी बघितली, पूल बघितला, तिला बाजारातली पीचची फळं आवडली. शहरभर सगळे नारिंगी सदरे घालून हिंडत होते. "हा काही पंथ आहे का?" तिने विचारलं. "फुटबॉल. संघाचा रंग," तो म्हणाला, आणि तिला खोटं वाटलं.

दुपारी दोघं व्हरांड्यात बसली. मार्गोने पाटीकडे बघितलं. "तू खरंच लावलीस. मला वाटलं होतं, फोनवर बढाया मारतोयस." तिच्या आवाजात अभिमान होता.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. मिस वीडा बाहेर आल्या. त्यांच्या मागं लरलीन बाई. त्यांच्या मागं आणखी दोन घरची माणसं. सगळ्यात शेवटी रॉइस, दोन्ही हात पाठीमागं. सगळे नारिंगी.  ते एका रांगेत रस्ता ओलांडून त्याच्याच पायऱ्यांकडे येऊ लागले.

"हे कोण?" मार्गोने विचारलं. तिने खुर्चीचा हात धरला होता.

थिओने तिचा तो हात बघितला. सगळं संपलंच आहे तर निदान पळताना तरी दिसू नये, असं त्याला वाटलं, आणि तो उभा राहिला. 

"मिस वीडा," तो म्हणाला, "तुम्ही कशाला आलात ते मला माहीत आहे. काल ती मीच आडवी केली होती. वाऱ्याने नाही. मी घाबरलो होतो, आत्ताही घाबरलोय. पण मी ती काढणार नाही. घर माझं आहे, मत माझं आहे, आणि तुम्हाला नसेल आवडत तर नका बघू."

सगळे थांबले. लरलीन बाईंनी मिस वीडांकडे बघितलं. रॉइसने पाठीमागचे हात पुढं आणले. हातात कलिंगड होतं.

"तूच आडवी केलीस?" तो म्हणाला. "मला वाटलं पोराटोरांनी पाडली. म्हणून ठोकली नीट. त्यातला एक शब्दही मला पटत नाही, पण माणसाची पाटी पाडायची म्हणजे काय. काढायची असेल तर सांग, माझ्याकडे पकड आहे."

"मग तुम्ही इतके दिवस... माझ्याकडे बघत होतात ते?"

 मिस वीडा लाजेने लाल झाल्या होत्या.  शेवटी रॉइसने हनुवटीने कुंडीकडे खूण केली, आणि आपण तिकडे बघतोय असं दिसू नये म्हणून बाकी सगळे आभाळाकडे बघू लागले.

मार्गो उठली. तिने कुंडी दोन्ही हातांनी उचलली. खाली गढूळ पाणी, शेवाळ, आणि त्यातून डोकावणारी निळी फुलं.

"माझ्या आईचं आहे ते," मिस वीडा अगदी हळू म्हणाल्या. "तुला लागत असेल तर राहू दे हो, बाळा. मी आपली सहज आले होते."

थिओने भांडं घाईघाईने सदऱ्याला पुसलं आणि पुढं केलं. मिस वीडांनी हात पुढं केला नाही. लरलीन बाईंनी डोळे मिटून घेतले.

"रिकामं?" रॉइस पुटपुटला. "अरे बॉस्टन."

थिओला अजूनही कळलं नाही. मार्गोला कळलं. ती मिस वीडांकडे, मग भांड्याकडे, मग त्या नारिंगी, ओशाळलेल्या रांगेकडे बघत राहिली. खुर्चीचा हात तिने केव्हाच सोडला होता. मग तिने थिओच्या हातातून भांडं काढून घेतलं.

"तुम्हाला हे कधी लागतं?"

"बुधवारी चर्चमध्ये जेवण असतं," मिस वीडा म्हणाल्या. "पण तू तर उद्याच चाललीस ना? टपालवाला म्हणत होता."

"बुधवारी घेऊन येते," मार्गो म्हणाली. "भरून. विमानाचं बघते मी काहीतरी."

मिस वीडांनी तिचा हात हातात घेतला, दोनदा थोपटला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या,

"कांदा तेवढा नको घालूस, बाई. रॉइसला सोसत नाही, आणि तो बसतो माझ्या शेजारी."