निळ्या रंगाची कबुली

मित्रांनो, मी एक जुने मॉडेल इंजिन आहे. खेळणे म्हणालात तर मला राग येईल. लांबी वीतभर, अंग पितळी पत्र्याचे, रंग लाल आणि त्यावर क्रीम पट्टा. इंदूरमध्ये माझ्याइतके देखणे इंजिन दुसरे नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण सांगायला आता दुसरे कोणी उरले नाही.

माझा जन्म इथल्या परदेशीपुऱ्यातला, गिरणी कामगारांच्या वस्तीतला. मिल बंद पडली आणि नाना नावाचे फिटर घरी बसले, तेव्हा हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी मला घडवले. महूहून पाताळपाणीच्या घाटात उतरणाऱ्या छोट्या गाडीचे डिझेल इंजिन त्यांच्या डोळ्यांत बसले होते. कानस घासून घासून त्यांनी माझी एकेक खिडकी काढली. माझ्यामागोमाग त्यांनी माझा जोडीदार केला. तेच माप, तीच चाके, फक्त रंग निळा आणि कमरेला पिवळी पट्टी. तो मला कधीच आवडला नाही. पाहुणे आले की मला हातात घेत आणि त्याच्याकडे बघून म्हणत, "हे पण छान आहे." त्या 'पण'मध्ये काय ते समजा.

नाना गेले. आम्हाला दोन वेगळे रंग का दिले, हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. त्यांच्या मुलीने, शुभदाताईंनी, आम्हाला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले. तिथे आम्ही अकरा वर्षे धूळ खाल्ली. माझा पुढचा दिवा तिथेच गळून पडला. आम्हाला खाली काढताना कोणी तो शोधलाही नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

मग श्रीहरी सर आले. राऊच्या एका कॉलेजात शिकवायला ते साताऱ्याहून इंदूरला आले होते आणि रेल्वेच्या मॉडेलांचे त्यांना भारी वेड. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी ते पाताळपाणीचा घाट टेबलावर उभा करत होते. साल ठरले होते १९८४. "एखादं झाड चुकलं तर चालेल," ते म्हणत, "पण साल ठरल्यावर इंजिनाचा रंग चुकून चालत नाही." शुभदाताईंनी आम्हा दोघांना त्यांच्या स्वाधीन केले. घाटात गाडी एकच होती, म्हणजे इंजिनही एकच लागणार होते. सरांनी पुस्तकातला काळापांढरा फोटो काढला, भिंगातून त्यातल्या इंजिनाचा पट्टा पाहिला, तो क्रीमच असणार असे ठरवले आणि मला उचलले. मला त्यात काहीच नवल वाटले नाही.

पण सरांची विद्यार्थिनी संबोधी होती महूची. तिचे आजोबा, किसनबाबा, महूच्या रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये तीस वर्षे पेंटर होते. ती त्यांना आणि गयाबाई आजीला घाट दाखवायला घेऊन आली. बाबांनी चष्मा वर केला, मला नीट पाहिले आणि मान हलवली.

"सरजी, हा रंग नंतरचा. चौऱ्याऐंशीत तर नीलाच होता, बीच में पिवळी पट्टी. माझ्या हातानं मारला ना!"

"बाबा, तुमच्याबद्दल आदर आहे," सर म्हणाले, "पण आठवणीत चार-पाच वर्षं इकडची तिकडे होतात. काही पुरावा आहे का? रंगीत फोटो, एखादा कागद?"

बाबा चष्मा पुसू लागले. गयाबाईंनी त्यांना कोपर मारले. "बोला ना. ट्रंकेचं का नाही सांगत?"

"तू चुप बस."

"काय म्हणून चुप? ते तुम्हाला झूठा समजून राहिले!"

"आजोबा, बता दो ना सरांना," संबोधी म्हणाली.

खरे सांगते मित्रांनो, म्हातारा असाच गप्प राहावा असे मला वाटत होते. तो गप्प, तर माझी जागा पक्की. पण बाबा खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बोलू लागले.

"शेडमध्ये इंजिनाचा थोडा रंग उरला होता. कोणाला पूछा नाही, जेवणाच्या झोळीत डब्बा घालून घरी आणला. चौदा एप्रिल जवळ आला होता, घरात काहीतरी नवं दिसावं म्हणून हिच्या ट्रंकेला मारला. मी रोज पंचशील म्हणतो, सरजी. दुसरं शील काय? दिलं नाही ते घ्यायचं नाही. चाळीस साल त्या ट्रंकेवर चादर टाकून ठेवली. अब तुम्हाला सबूत पाहिजे, तर माझी चोरी हाच माझा सबूत."

सरांचा चेहरा उतरला. "मला पुरावा नको, बाबा. तुम्ही म्हणता तेच खरं."

"नाही, आता पूरं बघा," बाबा म्हणाले.

रविवारी संबोधीचे वडील, अंकुर, ट्रंक घेऊन आले. चादर काढली. ट्रंक निळी, मधून पिवळी पट्टी, हात जराही न कापता ओढलेली. झाकणाच्या आत पेंटरच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: गयाबाई किसन, १४ एप्रिल १९८४. सरांनी माझ्या जोडीदाराला झाकणावर ठेवले. रंगाशी रंग इतका जुळला की तो शोधावा लागला. मग शेजारी मला ठेवले. मी उठून दिसले, आणि जन्मात पहिल्यांदा मला उठून दिसण्याची लाज वाटली.

बाबांनी मला हातात घेतले. माझ्या छतावरून त्यांचा खरखरीत अंगठा फिरला. "हे झूठं नाही बरं का, सरजी. याचं साल वेगळं. हा रंग बी मीच मारला, अठ्ठ्याऐंशीत." आजवर माझे इतके कौतुक झाले, पण माझ्याबद्दल इतके नेमके कोणीच बोलले नव्हते. मी मुकाट्याने घाट सोडला.

प्रदर्शनात निळे इंजिन धावले. त्याच्यासमोर सरांनी कार्ड लावले: 'रंगाची साक्ष : किसनबाबा, पेंटर, महू शेड.' बाबांनी पेन मागितले आणि खाली स्वतः लिहिले: 'रंग न विचारता घरी आणला होता.'

"बाबा, लोग क्या कहेंगे?" अंकुर म्हणाला.

"म्हणू दे," गयाबाई म्हणाल्या. "चाळीस साल ती चादर मीच धुतली. अब सुटले!" आणि त्या इतक्या हसल्या की बाबांनाही हसू आले. दिवसभर येणारी माणसे आधी कार्ड वाचत, मग इंजिन बघत आणि मग वळून बाबांना नमस्कार करत. सुरुवातीला बाबा खाली बघत होते. दुपारनंतर ते मान वर करून उभे राहिले.

मी आता सरांच्या कपाटात असते. पायाशी माझ्या सालाची चिठ्ठी आहे आणि सर मऊ ब्रशने माझी धूळ झटकतात. मित्रांनो, तुमच्या घरातही माळ्यावर कोणी पडले असेल. त्याला खाली काढा, पुसा, आणि त्याचा दिवा गळला असेल तर तो शोधा. पण त्याचा रंग कोणता, साल कोणते, हे पुस्तकाआधी त्या माणसाला विचारा, ज्याच्या नखांत तो रंग अडकला होता. आणि विचारलेत तर पूर्ण ऐकून घ्या. खरे सांगताना त्याला काय सोसावे लागते, ते मी पाहिले आहे.

किसनबाबा यंदा ब्याऐंशीचे झाले. विचारायचे असेल तर महू काही लांब नाही.